गंगारामला कोपरा सापडेना

“मी कोपऱ्यात पोहोचलो आहे. आता वळतो,” गंगारामनं मोठ्या ऐटीत जाहीर केलं. कोपरा त्याच्यापासून चांगला सहा मीटर लांब होता!

पुढची भिंत धरायला त्यानं आपले दोन्ही हात लांब केले. हाताला नुसतं पाणी लागलं. पुन्हा चाचपडलं, पुन्हा पाणीच. तिसऱ्या खेपेला त्याच्या पाठीवरचा तांबडा दिवा लागला. “बिघाड झाला आहे. कृपया मदत करा,” एवढं बोलून स्वारी जी तळाशी जाऊन बसली ती हलेचना.

गंगाराम म्हणजे सोनवड नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावातला सफाई-यंत्रमानव. आकारानं बसायच्या पाटाएवढा, खाली सहा चाकं, पुढं दोन हात आणि पोटात एक पंप. या पंपाच्या ओढीनं तो भिंतीला पालीसारखा चिकटायचा आणि ब्रश फिरवत पुढं सरकायचा. नाव मुलांनी ठेवलेलं. कंपनीनं दिलेलं नाव बावीस आकड्यांचं होतं, ते कुणाच्या लक्षात राहणार?

तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचे बाबा, संपत लोंढे, या तलावाची देखभाल करायचे. गंगाराम येण्याआधी तलाव तेच घासायचे. पाणी उपसायचं, रिकाम्या टाकीत उतरायचं, साबण आणि ब्रशनं भिंती घासायच्या आणि डाग निघाले नाहीत की अ‍ॅसिड ओतायचं. अ‍ॅसिडची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता खोलगट जागेत साचून राहते. त्या वाफेत संपतरावांनी चौदा वर्षं काढली होती. शेवटची चार वर्षं तर त्यांचा खोकला रात्रभर घर जागं ठेवायचा.

मग गंगाराम आला आणि तीन महिन्यांत खोकला गेला. अगदी सुंठीवाचून गेला म्हणा ना! तेव्हापासून ईशू रोज शाळेत जाताना काठाशी वाकून गंगारामला “थँक्यू हं” म्हणायची. तोही “आपला दिवस चांगला जावो” म्हणायचा. हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणायचा, पण ईशूला ते आपल्यासाठीच आहे असं वाटे.

पण या वर्षी बिघाड त्याच्या पाचवीलाच पुजले होते. आजचा पाचवा. आणि मुख्याधिकारी नाईकनवरे साहेबांनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, “लोंढे, पुन्हा बंद पडलं तर यंत्र भंगारात जाईल. तलाव पूर्वीसारखा हातानं घासायचा. शुक्रवारी मी बघायला येतोय.”

आज सोमवार होता.

“रडतेस कशाला?” पाण्यातून आवाज आला. डॉक्टर वाळिंबे आजी पोहता पोहता थांबल्या होत्या. सत्तरी उलटली तरी त्या रोज वीस फेऱ्या मारत. चंद्रावर फिरणाऱ्या गाड्यांची चाकं तयार करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

“आजी, तुम्ही चंद्रावरच्या गाड्या दुरुस्त केल्यात. आमचा गंगाराम दुरुस्त करा ना!”

“अगं, चंद्रावर काही पाना घेऊन जाता येत नाही. तिथल्या गाडीला आधी खूप प्रश्न विचारावे लागतात. याला कुणी काही विचारलंय का?”

संपतरावांनी वही आणली. प्रत्येक बिघाडाची तारीख त्यांनी टिपून ठेवली होती. पहिल्यांदा बॅटरी बदलली. मग संवेदक (यंत्राला भोवतालचं कळावं म्हणून बसवलेले डोळे-कान), मग मोटर, मग पंप. दर वेळी गंगारामला शहरात पाठवायचं. आठ दिवसांनी तो परत यायचा आणि नऊ-दहा दिवस झकास चालायचा.

“नव्याचे नऊ दिवस!” ईशू फुरंगटून म्हणाली.

“बॅटरी बदलली तरी नऊ दिवस, पंप बदलला तरी नऊच दिवस?” आजींनी भुवया उंचावल्या. “गंमतच आहे. संपतराव, हा शहरात असतो तेव्हा इथं भिंती कोण घासतं?”

“मीच की, बाई. दुसरं कोण हाय? पाणी निम्मं उपसतो, खाली उतरतो आणि घासतो. मग आठ दिवस परत खोकला.”

आजी शिडीवरून वर आल्या आणि टॉवेल पांघरून बसल्या. “म्हणजे दर खेपेला दोन गोष्टी बदलल्या. गंगारामचा एक भाग नवा झाला आणि तलावाची भिंतही स्वच्छ झाली. ईशू, समज तुला सर्दी झाली. तू काढा प्यालीस आणि चार दिवस शाळेलाही दांडी मारलीस. बरी कशानं झालीस?”

“दांडीनं!”

संपतरावांना हसू आवरेना. आजीही हसल्या. “खोडकर! पण खरं उत्तर असं, की आपल्याला ते सांगताच येणार नाही,” आजी म्हणाल्या. “दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाचा आला ते कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ नियंत्रित प्रयोग करतात (बाकी सगळं होतं तसं ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं). या वेळी गंगारामचा एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. बदलायची ती फक्त भिंत. तीही एकच!”

मंगळवारी सकाळी संपतराव आणि ईशूनं मिळून डावीकडची भिंत पाण्याच्या रेषेलगत साबणानं घासली. उजवीकडची होती तशीच ठेवली. भिंती दोन्ही पंचवीस मीटरच्या. आजींनी गंगारामला बंद करून पुन्हा चालू केलं आणि त्याच्या एका चाकाला लाल पट्टी चिकटवली.

“याला आपण कुठं आहोत हे कसं कळतं, माहीत आहे? हा आपल्या चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात चाक अर्धा मीटर पुढं जातं. मग पंचवीस मीटरला फेरे किती?”

“पन्नास.”

“म्हणून पन्नास फेरे झाले की हा म्हणतो, कोपरा आला. आता तू मोज.”

ईशू पाण्यात उतरली आणि काठ धरून गंगारामच्या बाजूनं सरकू लागली. डाव्या भिंतीवर लाल पट्टी पन्नास वेळा फिरली, तेव्हा कोपरा बरोबर समोर होता. गंगाराम दिमाखात वळला. मग उजवी भिंत. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास... “मी कोपऱ्यात पोहोचलो आहे,” आणि कोपरा सहा मीटर लांब!

“आजी, चाक फिरत होतं, पण गंगाराम मधेच जागच्या जागी राहत होता!”

“शाब्बास! घर्षण (दोन पृष्ठभाग एकमेकांना घासतात तेव्हा सरकण्याला होणारा अडथळा) असलं तरच चाक भिंतीला रेटा देऊन पुढं जातं. ते कमी पडलं की चाक नुसतं फिरतं, चिखलात रुतलेल्या मोटारीसारखं. फेरे झाले पन्नास, पण बारा फुकट गेले. बारा अर्धे किती?”

“सहा मीटर!” ईशू ओरडलीच.

“बिघाड गंगाराममध्ये नव्हताच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं आपलं. आता भिंत कशानं घसरडी झाली, तेवढं शोधायचं.”

ईशूनं भिंतीवरून बोट फिरवलं. बुळबुळीत! तिनं बोट नाकाशी नेलं. तो वास तिच्या स्वतःच्या वेणीला रोज यायचा. खोबरेल तेल!

या वर्षी सकाळी मुलींचा नवा वर्ग सुरू झाला होता. चाळीस मुली, चाळीस डोकी, आणि एकूण एक तेलानं चपचपलेली. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगत येऊन नेमकं पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटत होतं. आणि मुलींना तेल लावायला सांगितलं कुणी? दारात उभं राहून रोज कोण म्हणायचं, “पोरींनो, तेल चोपडून या गं, औषधाच्या पाण्यानं केस खराब होतात”? खुद्द तिच्या बाबांनी! त्या क्लोरीनच्या पाण्यानं हात कसे फाटतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आता हे सांगितलं तर साहेब बाबांनाच बोल लावतील.  ईशूनं बाबांना बाजूला नेलं आणि ओलं बोट त्यांच्या नाकाशी धरलं. संपतरावांनी वास घेतला.

“मीच की गं हे केलं,” ते हळूच म्हणाले. “सांगू या बाईंना. लपवून भिंत काय साफ होणार हाय?”

आजी रागावल्या नाहीत. “चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीचाही कधी कधी असा परिणाम होतो. उपाय सोपा आहे. मुलींनी आधी नळाच्या साध्या पाण्यानं केस चिंब भिजवायचे. भिजलेला बोळा आणखी पाणी कितीसं पिणार? केसांचंही तसंच. मग वर टोपी घालायची. तेल घरी गेल्यावर.”

मग दोन दिवस आजींनी लॅपटॉप उघडून गंगारामला एक नवी गोष्ट शिकवली. त्याच्या कॅमेऱ्यानं वाटेतल्या फरशा मोजायच्या आणि चाकांच्या हिशेबाशी ताडून पाहायच्या. घसरणाऱ्या वाळूत चंद्रावरच्या गाड्यांना त्यांनी हेच शिकवलं होतं.

शुक्रवारी नाईकनवरे साहेब आले. त्यांनी काही विचारायच्या आत संपतराव पुढं झाले. “साहेब, पोरींना तेल लावायला मीच सांगत होतो. यंत्राचा काही दोष नाही.”  ईशूनं त्यांचा हात घट्ट धरला.

साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. “तेलापायी चार वेळा यंत्र शहरात?”

“आधी बघा तर,” आजी म्हणाल्या. दोन्ही भिंती आता स्वच्छ होत्या, फक्त उजवीकडचा एक तुकडा त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता. गंगाराम सरसर निघाला. तो तुकडा येताच तो थांबला.

“चाकं म्हणतात दहा मीटर, फरशा म्हणतात नऊ. भिंत घसरडी आहे. माझ्यात बिघाड नाही. भिंत पुसा.”

साहेब हसत सुटले. संपतरावांनी ओणवं होऊन तेवढी जागा साबणानं पुसली आणि गंगाराम कोपऱ्यापर्यंत जाऊन व्यवस्थित वळला. “राहू द्या याला इथंच,” साहेब म्हणाले, “आणि दारात नळाजवळ टोप्यांचं कपाट करून घ्या.” ईशूनं टाळ्या पिटल्या.

साहेब गेले. संपतरावांनी वाकून गंगारामला पाण्याबाहेर घेतलं आणि आपल्या पंच्यानं त्याची पाठ पुसली.

“बाई, तुमचे लई उपकार झाले. याचे तर आधीपासूनच होते,” ते म्हणाले. “माझ्या खोकल्याला चार वर्षांत किती बाटल्या बदलल्या. गोड झाली, कडू झाली. पण एकाही डॉक्टरला सुचलं नाही, की संपतमध्ये बिघाड नाही, आधी त्याला त्या टाकीतून बाहेर काढा. ते या गंगारामनं केलं.”

 वाळिंबे आजींनी संपतरावांच्या हातावर हात ठेवला. ईशू मात्र विचारात पडली होती.

“आजी, माझ्या वर्गातल्या रुक्सारची आई गादी कारखान्यात कापूस पिंजते. तिला पण खोकला आहे. तिच्याही बाटल्याच बदलतात. तिला आपण प्रश्न विचारायला उद्या जाऊ या?”

“उद्या कशाला?” आजी चपला शोधत म्हणाल्या. “वही घे आणि चल!”