काहिलीतून करकोच्यांकडे

शिरूर अनंतपाळजवळच्या तलावात एक बेट आहे. धरण होण्याआधी ते टेकाड होतं. आता त्याचा माथा आणि त्यावरचं बाभळीचं बन तेवढं पाण्याबाहेर उरलं आहे. त्या बेटावर जायचं, बाभळींवरची चित्रबलाकांची घरटी मोजायची आणि दिवस मावळायच्या आत बेटामागच्या उथळ पाण्यावरच्या नायलॉनच्या दोऱ्या कापून आणायच्या, अशी ही मोहीम होती.

दोऱ्यांचं काम निकडीचं होतं. मासे पाळणाऱ्या एका कंत्राटदारानं पाखरांना अटकाव म्हणून बांबूंना त्या ताणून बांधल्या आणि धंदा बसल्यावर तशाच टाकून तो निघून गेला. दोरी अशी बारीक, की जवळ गेल्याशिवाय माणसालाही दिसू नये. गेल्या हिवाळ्यात हिमालयापलीकडून आलेले करकोचे सांजेला मुक्कामाला उतरले ते थेट त्या दोऱ्यांत. त्यातल्या एका पाखराला गावातल्या व्यंकटरावांनी पोत्यात गुंडाळून घरी आणलं होतं. ते त्यांच्या बायकोच्या, सरजाबाईंच्या मांडीवरच मेलं. यंदाचा थवा आदल्याच दिवशी शिवारात आला होता, आणि आज संध्याकाळी तो त्या पाण्यावर उतरणार होता.

खरं तर व्यंकटरावांचं करकोच्यांशी उभं वैर. पाखरं त्यांचा हरभरा खात आणि ते बांधावर उभं राहून पाखरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्यांचा आवाज असा, की चाकूरच्या बाजारात बोलले तर शिरूरला ऐकू जावं, असं लोक म्हणत. पण शेजाऱ्यानं एकदा दगड उचलला, तर त्याच्याच अंगावर धावून गेले.

"हरभरा माझा हाय, तर शिव्या बी मीच देईन," ते म्हणाले. "तू दगड कामून मारायलास?"

मोहिमेचं सेनापतिपद त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकलं होतं. घरटी मोजणार होती महामाया. ती याच गावातली लेक, चाकूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी, आणि वनखात्याची परवानगी तिच्याच नावावर होती. तिसरा शिवशंकर. तो का आला? तर वाहन त्याचं होतं म्हणून. कोळ्यांची होडी दुरुस्तीला गेलेली, तेव्हा व्यंकटरावांनी शिवशंकरच्या गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गुळाचा रस आटवायची अवाढव्य कढई, उचलायला लावली. पुराच्या दिवसांत आपल्या आज्यानं काहिलीतून अख्खं गाव पैलतीरी नेलं होतं, हे त्यांनी ठासून सांगितलं. आज्यानं ती आधी घासूनपुसून घेतली होती, एवढंच सांगायचं राहिलं!

सकाळीच गुळाचं आधण उतरलेलं. काहिलीच्या बुडाला पाक तसाच होता. पांढऱ्याशुभ्र धोतरात व्यंकटराव ऐटीत मांडी घालून बसले आणि उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही असे चिकटले. तोंडातून मात्र हुकूम सुटत राहिले.

काहील पाण्यात शिरली आणि फिरायला लागली. शिवशंकरनं रस ढवळायच्या फावड्यानं डावीकडून पाणी मारलं, ती उजवीकडे गरगरली. उजवीकडून मारलं, डावीकडे गरगरली. व्यंकटरावांनी "सरळ चल" म्हणून बोट दाखवावं, तोवर ते बोट गावाकडे वळलेलं असे. त्यात गुळाच्या वासानं गांधीलमाश्या आल्या. एक शिवशंकरच्या नाकावर बसली. त्यानं फावडं उगारलं. काहील कलली. पाणी आत आलं!

"शिवा, हलू नको," महामाया दबक्या आवाजात म्हणाली. "चावली तरी चालंल."

चावली. शिवशंकर हलला नाही. त्या दिवशी खरा वीर कोण म्हणाल, तर तोच.

बेटाजवळ येईतो सूर्य कलला होता. बाभळी चित्रबलाकांच्या घरट्यांनी वाकल्या होत्या. पिवळ्या लांब चोचींची पिल्लं एकच कालवा करत होती. महामायेनं दुर्बीण लावून मोजणी सुरू केली. पण काहील फिरत होती ना! ती तीच बाभळ पुन्हा पुन्हा मोजत राहिली आणि आकडा फुगत गेला. शेवटी एका वठलेल्या फांदीला लाल रुमाल बांधून खूण केली, काहील बुंध्याला टेकवली आणि मोजणी पहिल्यापासून केली. ती संपत आली तोच तिची दुर्बीण एका जागी थांबली. पलीकडच्या झाडावर एका घरट्यात चमचा पक्षी बसला होता, पांढरा, चमच्यासारख्या चोचीचा. या तलावावर चमच्याचं घरटं कधी कुणी नोंदवलं नव्हतं. किती हिवाळे ती याच दृश्यासाठी थांबली होती! झाडाखाली जाऊन घरट्यात पिल्लं आहेत का एवढं बघितलं, की काम फत्ते होतं.

पण त्यांची चाहूल लागून चित्रबलाक उभे राहायला लागले होते. पिल्लं उघडी पडली होती. वर घारी घिरट्या घालत होत्या. आणि सूर्य बाभळींच्या शेंड्याला आला होता.

महामायेनं दुर्बीण पिशवीत टाकली. तिला फार वाईट वाटलं.

"चला काका, दोऱ्यांकडं. चमच्याचं बघू पुढच्या साली."

मग शिवशंकर आणि महामाया पाण्यात उतरले आणि दोघांचे विळे चालले. दोरी कापायची, ओढायची, काहिलीत गोळा करायची. पुन्हा कापायची. पाणी गुडघ्याएवढं, चिखल मांडीएवढा. रांगामागून रांगा मोकळ्या झाल्या. शेवटच्या दोन रांगा उरल्या, आणि शिवशंकरचा विळा चिखलात गेला. महामायेचा मुठीतून मोडला. त्याच वेळी दुरून आवाज आला. क्रूऽक! क्रूऽक! करकोचे निघाले होते.

व्यंकटरावांनी उडी मारली. ते पाण्यात गेले, धोतर काहिलीतच राहिलं! पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतला सेनापती कमरेएवढ्या चिखलपाण्यात उभा राहिला.

"शिवा, ते धोतर खरवडून काढ," ते म्हणाले. "फाड त्याच्या चिंध्या. पाखराला दोरी दिसत न्हाई, चिंधी तर दिसंल."

टर्रकन धोतर फाटलं. दोरीला चिंधी, चिंधीनंतर चिंधी. शेवटची गाठ बसली तेव्हा थवा डोक्यावर होता. पुढचा करकोचा पाय सोडून खाली आला, थेट दोऱ्यांकडे. पांढऱ्या चिंध्या फडफडल्या. तो एकदम वर उठला, वळला, आणि त्याच्यामागून अख्खा थवा वळला! मोकळ्या केलेल्या पाण्यात, काहिलीपासून हाकेच्या अंतरावर, एकेक करकोचा उतरत गेला. एकही अडकला नाही. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता परत कसं जायचं? जरा हललं तरी पाखरं उठणार आणि अंधुक उजेडात उरलेल्या दोऱ्यांवर जाणार. तिघं काहिलीत अंग चोरून बसले. पाखरं पुरती स्थिरावून अंधार पडेतो बसणं भाग होतं. उघड्या मांड्यांना पाक चिकटत होता आणि थंडी वाजत होती.

इतक्यात दूरच्या काठावरून सरजाबाईंची हाक आली. नवऱ्याला हाक दिली की गाव हलवणारी ओ यायची, ही त्यांची सवय. ओ आली नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली. काठावर माणसं जमली. करकोच्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा पंखांत खुपसल्या. महामायेनं व्यंकटरावांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

"अवो," सरजाबाईंचा रडवेला, संतापलेला आवाज पाण्यावरून आला, "बुडला असाल तर तसं तरी सांगा की!"

व्यंकटरावांनी तेही सांगितलं नाही.