तिसऱ्या वळणावरचे ठोके

खोटं वाटेल, पण शप्पथ सांगतो, हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. शनिवार. दुपारचे चार.

डोंगराच्या कुशीत दहा-बारा घरांची वस्ती. मावशी आणि काका दरवर्षी तिथे पायी भटकायला जायचे. मावशी पुढे, काका मागे. मावशीची चाल म्हणजे वारा प्यालेलं वासरू! म्हणून दोघांनी एक नियम केला होता. वळणावर पुढच्याने काठी दगडावर दोनदा आपटायची. मागच्याने एकदा.

म्हणजे, आहे मी, येतोय.

त्याच्या आदल्या वर्षी दोघं वाटेत भांडले. कशावरून? तर डब्यात चमचा टाकायचा राहिला म्हणून! तिसऱ्या वळणावर मावशीने दोन ठोके दिले.

उत्तर नाही.

"बसा फुगून," म्हणाली आणि तरातरा पुढे निघून गेली.

काका दरीत घसरले होते. संध्याकाळी सापडले, तेव्हा सगळं संपलं होतं. पडल्यावर तासभर तरी जीव होता, असं डॉक्टर म्हणाले.

मावशी रडली नाही. वर्षभर नाही. वाढलं की जेवायची, दिवा घालवला की झोपायची. आतून पार बधिर झाली होती.

मग त्या शनिवारी ती एकटीच तिथे गेली. तिला एवढंच करायचं होतं... त्या वळणावर थांबायचं.

वारा नाही. पाखरू नाही. तिने काठी आपटली.

ठक... ठक...

दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला.

आणि खालून, दरीतून...

ठक.

ती घाबरली नाही. तिला काहीच वाटलं नाही म्हणे.

"या सावकाश," ती म्हणाली. "मी थांबलेय."

आठवडा झाला तरी ती परतली नाही, म्हणून आईने मला पाठवलं. मावशी वळणावर दगडावर बसली होती. वस्तीतले लोक तिथेच भाकरी आणून देत होते.

"मावशी, अगं घरी चल."

"कशी येऊ रे? निघाले की ते घाबरतात."

डोकं फिरलंय हिचं, असं वाटलं मला. दंड धरून उठवलं. दोन पावलं चाललो असू...

ठक. ठक. ठक ठक ठक ठक...

खालून. घाईघाईने. थांबेचना.

मी तिला सोडलं. ती परत दगडावर बसली.

आवाज बंद.

मी एकटाच उतरलो. मावशी अजून तिथेच आहे. ऐकतच नाही, असं आईला सांगितलं. मीच तिचा हात सोडला, हे अजून सांगितलेलं नाही.