मोकळ्या तारेवरचा लोड

मार्च संपत आला की क्वार्ट्झसाइट गावाबाहेरचं वाळवंट रिकामं व्हायला लागतं. हिवाळाभर उत्तरेकडून येऊन राहिलेली म्हातारी जोडपी आपापली मोटारघरं घेऊन परत निघतात. मागे उरतात चाकोऱ्या, शेकोटीचे काळे दगड, एखादी विसरलेली घडीची खुर्ची. मी लिओटा मार्श, या लोकांची चाकांवरची घरं दुरुस्त करते. माझी व्हॅन हेच माझं दुकान. हंगामाच्या शेवटी माझे गुडघे कुरकुरायला लागतात, कंबर सकाळी उठायला नकार देते, आणि फोन वाजला की आधी तो उचलायचाच नाही असं ठरवून मग मी तो उचलते.

जनरेटरच्या तक्रारी बहुतेक एकाच जातीच्या असतात. धूळ खाऊन गुदमरलेला फिल्टर, टाकीत शिळं झालेलं पेट्रोल, उंदरांनी कुरतडलेली वायर. लोक घाबरून मला भुताखेतांच्या गोष्टींसारखी वर्णनं सांगतात, आणि मी फिल्टर झटकून परत येते.

त्या दिवशी फोन मॅक्सिन ओडेगार्डचा होता. मॅक्सिन आणि व्हर्जिल, नॉर्थ डाकोटाचे. व्हर्जिलने जन्मभर शाळेची बस चालवली, मॅक्सिनने त्याच शाळेत स्वयंपाकघर सांभाळलं. कितीतरी हिवाळे ते ला पोसाच्या मैदानात त्याच कोरड्या ओढ्याकाठी मुक्काम टाकत आलेत. मॅक्सिनची फुप्फुसं कामातून गेलेली. हवेतून प्राणवायू गाळून देणारं एक यंत्र असतं, त्याची नळी दिवसरात्र तिच्या नाकाशी असायची.

"लिओटा, जनरेटर मध्येच बंद पडतो गं," ती म्हणाली. बोलताना दम लागत होता. "ये ना. पण एक आहे, तो बंद न करता दुरुस्त करायचा."

"चालत्या गाडीचं चाक बदलतात का मॅक्सिन?"

"तू बदलशील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. व्हर्जिल ताडपत्रीच्या सावलीत खुर्ची टाकून सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता. टरफलांचा लहानसा ढीग पायाशी.

"आल्या मिस्त्रीणबाई," तो म्हणाला. "मला वाटलं, तुझी व्हॅनच वाटेत बंद पडली."

"माझी गाडी मी दुरुस्त करते व्हर्जिल. तुझ्यासारखी शेजाऱ्यांवर सोडत नाही."

तो हसला. ठणठणीत दिसत होता. मागच्या वर्षीपेक्षा बरा.

जनरेटर मोटारघराच्या कुशीत, चाकामागच्या कप्प्यात असतो. झाकण उघडायच्या आधीच मला त्याचा आवाज खटकला. रिकाम्या जनरेटरचा आवाज हलका असतो, आणि एअरकंडिशनर लावला की तो खाली बसतो, माणूस ओझं उचलताना कुंथतो तसा. हा कुंथत होता.

"एसी चालू आहे का आत?" मी ओरडून विचारलं.

"काही चालू नाही," मॅक्सिन दारातून म्हणाली.

मी आत गेले. एसी खरोखर बंद होता. फ्रीज गॅसवर. दिवे बंद. कोपऱ्यात तिचं प्राणवायूचं यंत्रही बंद, वर टॉवेल टाकलेला. मॅक्सिनच्या नाकाशी नळी नव्हती. तिचे ओठ जांभळट दिसत होते.

"हे का बंद ठेवलंस?"

"आज बरं वाटतंय."

बरं वाटत असलेल्या माणसासारखी ती दिसत नव्हती, पण मी वाद घातला नाही. दमलेली होते. काम उरकून परत जायचं होतं. मी ब्रेकरची पेटी उघडली आणि एकेक ब्रेकर पाडत गेले. सगळे पाडून झाले. बाहेरचा कुंथण्याचा आवाज जराही बदलला नाही.

वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा एक मीटर माझ्याकडे असतो. वायर न तोडता आतला करंट कळतो. जनरेटरमधून निघणाऱ्या वायरीला तो लावला, तर एसीएवढा करंट वाहत होता. घरात काहीही चालू नसताना. माझा पहिला अंदाज उंदरांचा. मी जमिनीवर आडवी होऊन सगळी केबल हाताने चाचपली. कुठे दात लागलेला नव्हता, कुठे गरम लागत नव्हती. एवढा करंट कुठे मुरत असेल तर ती जागा चटका देणार. सगळी केबल सावलीतल्या दगडासारखी गार होती.

"वायरी सोडवून बघावं लागेल," मी म्हणाले. "दोन मिनिटं बंद करते."

मॅक्सिन पायरीवर बसली होती. ती उठायला लागली, पण तिला उठायला वेळ लागतो.

व्हर्जिल तेव्हा त्याची नेहमीची तळ्यावरची गोष्ट सांगत होता. "बर्फात भोक पाडून सकाळपासून बसलेलो. मेव्हणा म्हणतो, आज काही लागत नाही. तेवढ्यात गळाला असा हिसका बसला, म्हटलं हा पोराएवढा मासा आहे. दोघांनी मिळून ओढला, तर..."

मी बटण दाबलं. जनरेटर बंद झाला.

वाळवंटात आवाज थांबला की कानात दडा बसल्यासारखं होतं. मी पाना घेऊन वायरी सोडवल्या आणि त्यांची टोकं बाहेर ओढून एकमेकींपासून लांब ठेवली. मग लक्षात आलं, गोष्ट पुढे सरकली नव्हती.

व्हर्जिल खुर्चीत होता. हात बियांच्या पिशवीत, तोंड किंचित उघडं, डोळे माझ्याकडे. उन्हाने ग्लानी आली असेल असं वाटून मी हाक मारली. खालच्या ओठावर एक माशी बसली. चालत आत गेली आणि परत बाहेर आली.

"चालू कर," मॅक्सिन माझ्या मागे उभी होती, अनवाणी, त्या तापलेल्या खडीवर. "आत्ता, लिओटा."

"त्याला काहीतरी झालंय मॅक्सिन, आपण ॲम्ब्युलन्स..."

"चालू कर म्हणते ना."

मी बटण दाबलं. इंजिनने दोन आचके दिले आणि ते सुरू झालं.

"...नुसता बूट निघाला," व्हर्जिल म्हणाला. त्याने ओठावरची माशी उडवली. "मेव्हण्याचाच. आदल्या वर्षी हरवलेला."

तो हसत राहिला. मला हसू आलं नाही. जनरेटर पुन्हा कुंथायला लागला होता, आणि वायरी तर मीच सोडवलेल्या होत्या. दोन्ही टोकं माझ्यासमोर हवेत मोकळी लोंबत होती. मी मीटर लावला. मघाचाच आकडा. दुसरा मीटर आणला. त्यावरही तोच. कुठेही न जाणाऱ्या वायरीतून करंट वाहत होता.

इतक्या वर्षांत मला विजेची भीती कधी वाटली नव्हती, कारण ती खोटं बोलत नाही.

मॅक्सिनने मला आत बोलावलं आणि टेबलाशी बसवलं. थर्मासमधली कॉफी दिली.

"नोव्हेंबरात एका सकाळी तो उठलाच नाही," ती म्हणाली. "हात लावला तर गार. मला रडूसुद्धा आलं नाही लगेच. म्हटलं आधी कॉफी करू, मग कुणाला तरी बोलावू. कॉफीच्या यंत्राला वीज हवी म्हणून जनरेटर लावला. तर मागून म्हणाला, साखर जरा कमी घाल."

बाहेर व्हर्जिल शीळ घालत होता.

"त्याला माहीत आहे?"

"त्याला वाटतं तो फार गाढ झोपतो." ती थांबून श्वास गोळा करत राहिली. "माझं यंत्र लावलं की जनरेटरला दोघांचं ओझं झेपत नाही. बंद पडतो. म्हणून माझं यंत्र मी दुपारी दुपारी बंद ठेवते."

"दुपारी?"

मी कोपऱ्यात पाहिलं. यंत्रावरच्या टॉवेलवर धूळ साचली होती.

"मरशील मॅक्सिन."

"ते ठाऊक आहे पोरी. पण अशी शांतता असते ना तो थांबला की, ती मला ऐकवत नाही."

मी बाहेर येऊन इंजिनकडे नीट पाहिलं. कॉफीनंतर डोकं थोडं कामाला लागलं होतं. मला कळत नव्हतं ते माझ्या हातातलं नव्हतं, पण बाकीचं होतं. नोव्हेंबरपासून हा जनरेटर जवळपास अखंड चालला होता आणि ऑइल कुणी बदललंच नव्हतं. तळाशी उरलं होतं ते डांबर. ऑइल कमी झालं की हे इंजिन स्वतःला वाचवायला बंद होतं. आज नाही तर उद्या ते जाम होणार. आणि ऑइल बदलायचं तर बंद करणं भाग.

व्हॅनमध्ये माझा एक लहान, हाताने उचलता येणारा जनरेटर असतो. तो आणून मी वाळूत ठेवला आणि सुरू केला. हलका, एकसारखा आवाज. त्याची केबल काढायला मी व्हॅनकडे वळले आणि थांबले. का, ते सांगता येणार नाही. केबल न जोडताच मी मोठ्या जनरेटरचं बटण दाबलं.

मोठा बंद झाला. त्याच क्षणी वाळूतला लहान जनरेटर कुंथायला लागला. आवाज घोगरा झाला, धूर काळा आला. त्याला काही म्हणजे काही जोडलेलं नव्हतं.

"काय गं, दोन-दोन कशाला?" व्हर्जिलने विचारलं. एक शब्दही अडखळला नाही. "लग्नाला मंडप घातलाय का?"

"गप बस व्हर्जिल," मी म्हणाले. "बिया खा."

ऑइल बदलताना मी मान वर केली नाही. डांबर निथळायला वेळ लागला. फिल्टर बदलला, प्लग घासला, मघाशी सोडवलेल्या वायरी परत जोडल्या. मागे तो बोलत होता, बसमधल्या पोरांबद्दल, हिमवादळाबद्दल, आणि लहान जनरेटर कण्हत होता. मग मी मोठा सुरू केला. लहान पुन्हा हलका झाला, पाठीवरून पोतं उतरावं तसा.

तो लहान जनरेटर मी मॅक्सिनच्या यंत्रासाठी तिथेच ठेवला. तिच्या नाकाला नळी लावून दिली. थोड्या वेळाने तिच्या ओठांचा रंग फिरला आणि ती बसल्या बसल्या झोपली. किती दिवसांनी झोपली होती कोण जाणे. व्हर्जिलने तिच्या पायावर पांघरूण घातलं. फार हळुवारपणे. ते मला बघवलं नाही.

एप्रिलमध्ये ऊन सोसवेनासं झालं आणि ते उत्तरेला, त्यांच्या मुलीकडे निघाले. व्हर्जिलच गाडी चालवत होता. कुशीतला जनरेटर चालू होता, त्याचा कुंथता आवाज हमरस्त्याला लागेपर्यंत ऐकू आला. मॅक्सिनने खिडकीतून हात हलवला. मी कुणाला काही बोलले नाही. काय बोलणार?

उन्हाळ्यात मी फ्लॅगस्टाफला डोंगरावर असते, तिथे हवा गार. जुलैतल्या एका दुपारी एका गाडीखाली आडवी होते, तेव्हा फोन वाजला. मॅक्सिनचा नंबर.

"मिस्त्रीणबाई," व्हर्जिलचा आवाज आला. भरदार, तरुण माणसाचा असावा तसा. "तुझा धाकटा जनरेटर परत पाठवतोय. मोकळाच पडलाय."

मी गाडीखालून बाहेर आले. "आणि मोठा?"

"तो जाम झाला. आलो त्याच आठवड्यात. काढून टाकला. बरं झालं, आवाज नाही की धूर नाही."

"म्हणजे मुलीकडे आहात? तिच्या घरच्या विजेवर?"

"छे. तळ्याकाठी आमची जागा आहे ना, तिथे. वीजबीज काही नाही. लागतेय कशाला?" तो मजेत होता. "काल होडी घेऊन पार पलीकडच्या काठापर्यंत गेलो. तुला सांगतो लिओटा, वीस वर्षांत असं वाटलं नव्हतं."

त्याच्या मागे कसलाही आवाज नव्हता. इंजिनाचा नाही, प्राणवायूच्या यंत्राचाही नाही. पाण्याचा तेवढा होता.

"व्हर्जिल, मॅक्सिनचं यंत्र कशावर चालतं?"

"ते ती लावत नाही आता. पडून असते. दमते फार, बिचारी."

"तिला फोन दे जरा."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. त्या वेळात, फोनपासून लांब कुठेतरी, कुणीतरी खोल श्वास ओढला आणि माझं नाव घ्यायला सुरुवात केली.

"आत्ता नको," व्हर्जिल म्हणाला, आणि तो आवाज तिथेच थांबला. "मी बोलत असलो की तिला बोलता येत नाही."