सईची आई, ओवीचे बाबा

सातारच्या चारुशीलाने सभागृहामागचा ओला बाक खिडकीखाली ओढला, चपला काढून ठेवल्या, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि ती बाकावर चढली. वय वर्षं त्रेचाळीस, गुडघा मधूनमधून कुरकुरणारा, आणि ‘पालकांनी कँटीनमध्येच थांबावे’ हा दारावरचा कागद तिने दोनदा वाचलेला. पण आत तिची सई ऑडिशन देत होती. अशा वेळी कँटीनमध्ये बसून वडापाव खाणाऱ्या आया असतीलही. चारुशीला त्यातली नव्हती.

सांगलीचं हे कॉलेज दर हिवाळ्यात एक संगीत नाटक करतं. मुलंच गातात, मुलंच वाजवतात आणि आसपासच्या चार तालुक्यांतून माणसं बघायला येतात. त्या नाटकापायीच सई सातारचं घर सोडून इथल्या होस्टेलवर राहायला आली होती. आणि खरं सांगायचं तर नायिकेची भूमिका सईपेक्षा तिच्या आईलाच जास्त हवी होती. चारुशीलाचं स्वतःचं गाणं लग्नानंतर सुटलं. नवरा पुढे पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, रीतसर घटस्फोट झाला, आणि ब्लाउज नि नऊवाऱ्या शिवून तिने एकटीने लेक वाढवली. दुकानाचं शटर ओढलं की पेटी काढायची आणि सईला घेऊन बसायचं, हा तेरा वर्षांचा नेम होता.

आत सईने पदाचा अंतरा उचलला आणि... काय झालं कोण जाणे, बाकावरच्या आईचंही तोंड उघडलं.

“ताई, जरा हळू,” खालून कुणीतरी म्हणालं. “आत सरांना वाटायचं, एका अर्जावर दोघी गात्यात.”

चारुशीलाने दचकून खाली पाहिलं. पन्नाशीच्या अलीकडचा एक माणूस उभा होता. बाह्या दुमडलेल्या, बोटांना तेलाचे डाग, आणि हातातली छत्री त्याने स्वतःवर न धरता तिच्या चपलांवर धरली होती. बरोबरच होतं म्हणा, ती तर आधीच भिजली होती.

तो अनंत. मिरजेला त्याचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं आणि कॉलेजची जुनी पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन, सकाळीच सुरात लावून तो बाहेर आला होता. हे त्याने सांगितलं. आपली मुलगी ओवीही आत आहे, एवढं मात्र सांगितलं नाही.

“आवाज लय गोड हाय तुमच्या मुलीचा,” तो म्हणाला. “पण पट्टी तिची न्हाई. तुमची हाय.”

चारुशीलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेरा वर्षं आपण शिकवलं, आणि हा कोण छत्रीवाला? पण अनंतने शांतपणे समजावलं. तुम्ही काळी चारला सा धरून गाता, म्हणून तीही काळी चारलाच गाते. खालचे सूर तिला लागत नाहीत, नुसते पुटपुटल्यासारखे येतात. काळी पाचला, म्हणजे एक पट्टी वर, धरू द्या, मग बघा. चारुशीला बाकावरून उतरली, चपला घातल्या आणि निघाली. चपला कोरड्या आहेत हे एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या फेरीला दोन आठवडे होते. चार दिवस चारुशीला मनातल्या मनात त्या माणसाशी भांडली, आणि पाचव्या दिवशी तिने सईला व्हिडिओ कॉल लावून काळी पाचला गायला सांगितलं. सईने सुरुवात केली. तळाचे सूर घागरीत पाणी भरावं तसे भरून आले आणि वरची जागा तर अशी लागली की पेटी वाजवणारी आई बोटं चालवायची विसरली. तिने लेकीबरोबर गायचा प्रयत्न केला, पण तिचा आवाज तिथवर पोचेना. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. आपण शिकवता शिकवता पोरीला आपल्याच उंचीचं करत होतो, हे त्या दिवशी तिला कळलं. मग मात्र तिला इतका आनंद झाला की सईने विचारलं, आई, तू रडतेयस का नेटवर्क गेलंय?

दुसऱ्या फेरीत सईला नायिका मिळाली. यादी लागली तेव्हा चारुशीलाने सईला मिठी मारली आणि आभार मानायला अनंतला शोधत ती कँटीनकडे धावली. तो एका मुलीच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता आणि मुलगी टेबलावर डोकं ठेवून रडत होती. कँटीन चालवणाऱ्या राहीबाईंनी हळू आवाजात सांगितलं, “ओवी हाय, त्यांची लेक. आई न्हाई तिला. तिलाबी नायिकाच पायजे हुती. मैत्रिणीचा रोल दिलाय तिला, हसवायचा.”

चारुशीलाचे पाय जागीच थांबले. ओवी तोंड धुवायला गेल्यावर ती अनंतसमोर बसली आणि तिने सरळ विचारलं, “तुमची मुलगी त्याच भूमिकेला उभी होती, हे माहीत असून मला पट्टी सांगितलीत?”

“व्हय.”

“का?”

त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. “बेसूर ऐकू आला की मला गप बसवत न्हाई. धंद्याची खोड हाय. आणि...” तो थांबला. “तुमी बाकावर उभ्या हुता. एवढ्या पावसात. म्हटलं, ह्या बाईचं वाया जाऊ ने.”

चारुशीलाने साखरेचा डबा ओढला. तिने त्याच्या चहात साखर घातली. तो बिनसाखरेचा पितो हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्यानेही ते सांगितलं नाही. सगळा कप त्याने गोड मानून संपवला.

पुढे तालमी सुरू झाल्या आणि नाटकाचे कपडे शिवायचं काम चारुशीलाने आपणहून अंगावर घेतलं. माप घ्यायला दर शनिवारी यावंच लागतं, असं ती सगळ्यांना सांगे. पायपेटीही दर शनिवारीच बिघडू लागली. माप एकदा घेतलं की पुरतं आणि एवढी तब्येत खालावलेली पेटी जगात नसते, हे राहीबाईंना कळत होतं, पण त्या बिचाऱ्या दोन चहा आणून ठेवत आणि लांब जाऊन भांडी घासत.

एकाच गोष्टीने घोटाळा केला होता. अनंत पहिल्याच दिवशी ‘ताई’ म्हणून बसला होता. आपल्याकडे अनोळखी बाईला माणूस ताई म्हणतो, त्यात वावगं काही नाही. पण ऑगस्टात नेमकी शनिवारीच राखीपौर्णिमा आली आणि पालकांच्या ग्रुपवर कुणा हौशी आईने जाहीर केलं की ज्यांना बहीण नाही त्या बाबांना आम्ही कँटीनमध्ये राख्या बांधणार. त्या शनिवारी अनंत मिरजेहून हललाच नाही. पोट बिघडलंय असा निरोप आला.

“आता बरं आहे का पोट?” पुढच्या शनिवारी चारुशीलाने विचारलं.

“पोटाला काय झालं नव्हतं.”

“मग?”

“भ्यालो हुतो.”

“कुणाला?”

“दोऱ्याला,” तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

चारुशीला खाली बघून हसली. तिच्या पर्समध्येही राखी नव्हती, तिने घेतलीच नव्हती. पण हे त्याला सांगायची काय गरज? त्या दिवसापासून ती ताईची ‘सईच्या आई’ झाली, दिवाळीपर्यंत ‘चारुशीलाबाई’ झाली. सईच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. शनिवारी तुझे कानातले वेगळे असतात गं आई, असं ती एकदा सहज म्हणाली, आणि आईने पेनाच्या टोपणाने तिच्या डोक्यावर टपली मारली. मग सई गंभीर होऊन म्हणाली की मला चालेल, तुला हसताना बघायला मला आवडतं. चारुशीलाने तेव्हा विषय बदलला, पण परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत ती तेच वाक्य मनात घोळवत होती.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तालीम सुटायची वाट बघत दोघं सभागृहाच्या पायऱ्यांवर बसले होते. थंडीचं ऊन होतं. चारुशीला नायिकेच्या शालूला काठ लावत होती आणि अनंत तिला सुईत दोरा ओवून देत होता. तिसऱ्या सुईला तो थांबला.

“चारुशीला,” तो म्हणाला. नुसतंच नाव, पहिल्यांदा. “मला शनिवार पुरत न्हाई.”

तिचे हात थांबले. या वाक्याची ती कधीपासून वाट बघत होती, हे ते ऐकल्यावर तिला कळलं. आणि त्याची तिला लाजही वाटली... या वयात. तिने शालू बाजूला ठेवला.

“मलाही नाही पुरत,” ती म्हणाली. “पण ओवी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. माप घेताना भिंतीकडे तोंड करून उभी राहते. तिची भूमिका माझ्या पोरीने घेतली, आता बाबाही मीच घेतला असं तिला वाटलं तर? तिला विचारा. ती नाही म्हणाली तर कपडे मी कुरिअरने पाठवीन. मी यायची नाही.”

“आणि मी?”

“तुम्ही आधी तिचे बाबा.”

अनंतने त्याच आठवड्यात लेकीला विचारलं. ओवी एवढंच म्हणाली, “बघू.” तो ‘बघू’ डिसेंबर सरला तरी जागचा हलला नाही. चारुशीला यायची, कपडे शिवायची, पण आता दोघांमध्ये एक खुर्ची मोकळी सोडून बसायची. राहीबाईंनाही ते बघवत नव्हतं. प्रयोगानंतर कपडे शिवायचे उरणार नाहीत, पेटीचं काम उरणार नाही; त्या दिवशी काय ते ठरणार होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं.

प्रयोग जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी चारला होता. साडेतीन वाजता रंगपटात नुसता गोंधळ उडाला होता. कुणाचा गजरा हरवलेला, कुणाची मिशी चिकटत नव्हती. ओवीच्या नऊवारीचा काष्टा सैल झाला म्हणून कुणीतरी तिला चारुशीलाकडे ढकललं. ती आली आणि सवयीने भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चारुशीलाने गुडघे टेकले, तोंडात टाचण्या धरल्या, दोन लावल्या. मग उरलेल्या टाचण्या तळहातावर काढल्या.

“ओवी, एक सांगते. तुझे बाबा मला पट्टीबद्दल बोलले तेव्हा तू त्याच भूमिकेला आहेस हे मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी मी ऐकलं असतं. मी सईची आई आहे. तुला राग आला असेल तर तो बरोबरच आहे.”

ओवी वळली. तोंडाला रंग लावलेला, भुवया मुद्दाम वाकड्या रेखलेल्या. “काकू, भूमिकेचं तेव्हाच गेलं. एक दिवस रडले. आता तर मला हीच आवडते, सगळे हसतात.” ती पदराशी चाळा करत राहिली. “बाबा साताऱ्याला जाणार का?”

“काय?”

“तुमचं दुकान तिकडं आहे. मग बाबाच जाणार ना... पुढं मी शिकायला बाहेर गेले आणि आमच्या घराला कुलूप लागलं, तर सुट्टीत मी यायचं कुठं?”

एवढंच होतं. एवढंच ती पोर महिनाभर एकटी मनात घेऊन बसली होती, आणि दोन शहाणी माणसं भूमिकेचा हिशेब लावत होती. चारुशीलाला स्वतःची लाज वाटली. तिने टाचण्या खाली ठेवल्या आणि ओवीचे दोन्ही हात धरले.

“तुमच्या घराला कुलूप लागणार नाही,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकं माझी मी बघीन. शिलाई मशीन टेम्पोत चढतं.”

 दुसरी घंटा झाली तशी दारातून तिला हाका सुरू झाल्या. ती निघाली, दारापाशी गेली आणि परत आली.

“वरची खोली रिकामी आहे,” ती म्हणाली. “आई गेल्यापासून तिथं कुणी बसत नाही. उजेड चांगला येतो... शिवायला, म्हणते मी.” आणि ती पळाली.

चारुशीला डोळे पुसून सभागृहात आली. माणसं दाटीवाटीने बसली होती. चौथ्या रांगेत अनंतने आपल्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता. तो त्याने उचलला, ती बसली.  तो पडद्याकडे बघत राहिला.

“तुमच्या घरातल्या वरच्या खोलीत,” तिने विचारलं, “उजेड कुठल्या बाजूने येतो?”

“पूर्वेच्या. सकाळी लय चांगला असतो. का वो?”

“मशीन कुठे ठेवायचं ते बघतेय.”

तो तिच्याकडे वळला. “तुमाला त्या खोलीचं कुणी सांगितलं?”

“ओवीने.”

तिसरी घंटा झाली. दिवे मालवले आणि पडद्यामागून मुलांनी नांदी सुरू केली. त्यात काळी पाचला लागलेला सईचा आवाज चारुशीलाला लगेच ओळखू आला, आणि त्याच्या जोडीला ओवीचाही आला. अनंतचा हात तिच्या हातावर आला होता. तिने तो घट्ट धरला. पडदा वर गेला तेव्हा सभागृहातली सगळी माणसं रंगमंचाकडे बघत होती, आणि मिरजेचा पेटीवाला तेवढा शेजारच्या खुर्चीकडे बघत होता.

“समोर बघा,” चारुशीला हळूच म्हणाली. “आपल्या मुली गातायत.”