हलका शेक

धामणखोऱ्यात त्या वर्षी माणसं भेटली की आधी एकमेकांच्या गालाकडे बघायची. चट्टा आहे, की गेला? वाळूमाशी चावली की एक परजीवी जंतू कातडीत बिऱ्हाड करायचा आणि तिथे न भरणारी जखम व्हायची. औषधं तर त्यानं केव्हाच पचवली होती. उरली होती तापणी.

तापणी म्हणजे पेनाएवढं यंत्र. त्याचं टोक पन्नास अंशांवर तापवून अर्धा मिनिट चट्ट्यावर टेकवायचं. हा जंतू थंडाव्याला सोकावलेला. शरीर आतून सदतीस अंश, कातडी त्याहून जरा गार, म्हणून बेटा कातडीतच राहायचा. चटका बसला की खलास. पण पोरं अशी किंचाळायची की बघवत नसे.

प्रत्येक वाडीत एका बाईला तापणी शिकवली होती. खालच्या वाडीत ती सगुणा दांगटकडे होती, आणि तिची पहिली रोगी तिचीच सहा वर्षांची मुलगी कुसुम.

"गाल बघा की, डागसुद्धा नाही!" सगुणा कौतुकानं म्हणाली. "पण डॉक्टरबाई, ताप काही उतरंना. अन् पोट बघा कसं टम्म झालंय."

डॉक्टर मेधा नगरकरांनी पोट चाचपलं. डावीकडे पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून टणक लागली.

"तापणी कितीवर ठेवायचीस गं?"

सगुणानं मान खाली घातली. "पन्नासला लई रडायची हो. काळीज तुटायचं माझं. मग चाळीसवर ठेवायचे. रोज हलका शेक, तान्ह्या बाळाला देतो तसा. अन् झालं की बरं!"

आता बोल लावायचा कुणाला? पोटच्या पोरीला चटका द्यायला हात धजतो कुणाचा?

"बरं नाही झालं, सगुणा. हलक्या शेकानं कच्चे जंतू मेले. ऊब सोसणारे तेवढे उरले, आणि त्यांचीच पिलावळ वाढली. आता त्यांना शरीराच्या आतली ऊबही चालते. चट्टा भरला, कारण ते तिथून उठून पोटात गेलेत."

"मग आत शेक द्या! पन्नास काय, साठ द्या. मी धरते तिला."

"आत एवढी उष्णता दिली तर जंतूंआधी कुसुम जाईल."

"ताप हाय की तिला. त्यानं नाही का मरायचे?"

"तापात ते सुखानं राहतात आता."

सगुणा पोरीचे पाय चोळत राहिली. मग हळूच म्हणाली, "तवा रडू दिलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. नगरकरांना ते जमलं नाही.

"वाचली असती."

सगुणानं तोंडात पदर कोंबला. नगरकरांना पुढचं विचारायचा धीर होईना, पण विचारणं भाग होतं. "आणखी कुणाला दिलास असा शेक?"

ती उत्तर देणार तोच डॉक्टर आल्याचं ऐकून वाडीतल्या बाया दारात आल्या. प्रत्येकीनं आपलं पोर पुढे ढकललं. गाल सगळ्यांचे स्वच्छ, गुळगुळीत.

"बघा बाई, एकपण रडलं नाही," एकजण हसत म्हणाली. "आमच्या सगुणाच्या हाताला गुणच तसा हाय!"