मधल्या बोटाची जागा

दिवा विझवू नको रे अभिषेक. ही गोष्ट अंधारात मलेच सांगवत नाही.

बाभुळगावचा जमीर मेकॅनिक माझा जुना दोस्त. थापा मारणाऱ्यातला नाही. त्याची बायको फरहाना कापसाच्या जिनिंगमधी कामाले होती. मशीननं तिचं उजव्या हाताचं मधलं बोट नेलं. पुढं बाळंतपणात रक्त थांबलं नाही, अन् तीच गेली.

दोन हजार सहा साल, मार्गशीर्षातली अमावस्या. जमीरच्या पायाची नस बंद पडली होती, अंगठा काळा पडलेला. इथले डॉक्टर म्हणे, पाय कापा. नागपूरच्या डॉक्टरनं जांघेतून तार घातली, टीव्हीवर पाहत पाहत फुगा फुगवला, नस मोकळी केली. चिरफाड नाही, टाका नाही. "रातभर इथंच सरळ पडून राहा. पाय वाकवू नका. रक्त आलं त दाबून धरा."

पण टाकाच नाही त आजार कायचा? संध्याकाळीच निघाला पठ्ठ्या. जीप भाऊ अब्रार चालवे, हा मागं आडवा.

कळंब सोडलं अन् जीप बंद पडली. कापसाले भाव नव्हता, म्हणून माल नेणाऱ्या गाड्या बंद, रस्त्यावर एक गाडी नाही. अब्रारले बिघाड उमगेना. मेकॅनिकचे हात शिवशिवले. जमीर उतरला, चाकापाशी उकिडवा बसला.

पायजमा ओला झाला. गरम.

"अब्रार... रक्त..."

अब्रारनं त्याले रस्त्याच्या कडेले निजवलं. जांघ दाबली. हात घसरे. अंधारात काही दिसेना.

"भाई, मले नाही जमून राह्यलं! तू मरशीन, भाई!"

"दाब... सोडू नोको..."

जमीरचे डोळे मिटले. मग हात बसला. घट्ट. थंडगार.

"असंच धर, अब्रार."

हात आणखी घट्ट झाला.

"पाणी दे."

नाही.

नुसता दाब... अन् जवळ कोणीतरी हळू रडत होतं.

लांबून ट्रकचा उजेड आला. त्यातून आवाज. "भाई! जिता आहेस ना? तू बेसुद पडला, मी गाडी पाहाले पळालो!"

अब्रार ट्रकमधी होता.

हात अजून जांघेवरच होता.

उजेड पडला... कोणी नाही. रक्त थांबलेलं.

जमीर वाचला. जांघेवर पंज्याचा निळा वळ उठला तो आजवर गेला नाही. मी डोळ्यानं पाह्यला. वळात अंगठा आहे. तीन बोटं आहेत.

मधल्या बोटाची जागा कोरी आहे.