हिरवं फाटक

आईच्या घंगाळाला पोचा पडला नसता, तर नीरजाची आणि यज्ञेश्वरची गाठ पडलीच नसती. साल दोन हजार सहा. बिबवेवाडीहून रिक्षात घंगाळ मांडीवर घेऊन ती कसबा पेठेतल्या तांबट आळीत आली, घंगाळ ठोकायला दिलं आणि वळते तो समोर पाटी — ‘यज्ञेश्वर कॉम्प्युटर्स, कसबा पेठ, पुणे ११’.

अगं बाई! हा पत्ता तर तिला पाठ होता. अकरा वर्षांची असताना सुट्टीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एक गेम होता. फ्रॉकवाली मुलगी बागेतल्या कैऱ्या पळवायची आणि माळीबुवा काठी घेऊन मागे लागायचे. सुरुवातीला ठिपक्याठिपक्यांची अक्षरं यायची: ‘निर्माता यज्ञेश्वर, कसबा पेठ, पुणे ११. तक्रारी समक्ष येऊन कराव्यात.’ बाकीची पोरं हसायची. नीरजाला मात्र तो निर्माता म्हणजे कुणीतरी जादूगार वाटायचा.

ती सरळ दुकानात शिरली. चष्मा कपाळावर ढकललेला तिशीचा एक माणूस कीबोर्ड उलटा धरून झटकत होता.

“अहो, तक्रार करायची आहे.”

“पावती?”

“पावती नाही. कैऱ्यांचा गेम. तिसऱ्या बागेच्या शेवटी हिरवं फाटक येतं, ते उघडत नाही. दोन सुट्ट्या घातल्यात मी त्यात!”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“आपण... बारा वर्षांनी आलात,” तो म्हणाला. “ते उघडणारच नाही. पलीकडे मी काही केलंच नाही. वडील गेले, दुकान गळ्यात आलं... राहून गेलं.”

“म्हणजे मी मूर्खासारखी—”

“मूर्ख कशाला? चिवट म्हणा.”

नीरजा खळखळून हसली. कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढणं हाच तिचा धंदा, पण इतकी गोड चूक तिला कधी सापडली नव्हती.

पुढच्या शनिवारी ती घंगाळ न्यायला आली. त्याच्या पुढच्या शनिवारी न्यायला काही नव्हतं, तरी आली.

“ते ‘अहो’ सोड बरं,” तो म्हणाला. “आळीत ऐकू गेलं तर लोक उद्या पेढे मागतील.”

“मग काय म्हणू?”

“अरे म्हण.”

“अरे अर्धवटा!”

आणि होताच तो अर्धवट. चहा अर्धा ठेवायचा, शब्दकोडं अर्धं सोडायचा. “नीरजा, मला तुला...” असं म्हणायचा, तिच्याकडे बघायचा, आणि बाहेर तांबटाचे ठोके सुरू झाले की म्हणायचा, “काही नाही.” ती वाट बघायची. आज नाही तर पुढच्या शनिवारी बोलेल!

बोलला नाही. मार्चमध्ये कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. तिला जायचं होतं, खोटं कशाला बोला? पण तो नुसतं ‘थांब’ म्हणाला असता, तर ती थांबली असती.

“उद्या विमान आहे,” ती म्हणाली.

“चांगली संधी आहे. जा.” त्यानं ड्रॉवरमधून एक फ्लॉपी काढून तिच्या हातावर ठेवली. बोटं जरा जास्तच वेळ टेकली. “गेम आहे. बघ सवडीनं.”

“एवढंच?”

“...एवढंच.”

सवडीनं म्हणे! असा संताप झाला तिचा! तिच्या नव्या लॅपटॉपला फ्लॉपीची खाचच नव्हती. शोधलं असतं तर तिकडेही सोय झाली असती, पण रुसवा मोठा. फ्लॉपी पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली ती गेलीच. त्याचा फोन आला नाही, हिनंही केला नाही.

दोन वर्षांनी ती परत आली, तेव्हा बाबा घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला निघाले होते. त्याला फ्लॉपीची खाच होती. नीरजाला एकदम आठवण झाली.

घरघर... पहिली बाग, दुसरी, तिसरी. हिरवं फाटक आलं आणि चक्क उघडलं! पलीकडे माळीबुवा. हातात काठी नाही, तिखटमीठ लावलेली कैरी. खाली अक्षरं: ‘थांबतेस का? हो / नाही’.

तिनं ‘हो’ दाबलं.

‘उत्तर समक्ष येऊन द्यावे.’ आणि खाली तारीख, तिच्या विमानाच्या आदल्या दिवसाची, त्यानं फ्लॉपी हातावर ठेवली तीच.

“अरे अर्धवटा, तोंडानं बोलायचं होतंस रे...” ती रडत रडतच जिना उतरली आणि रिक्षात बसली.

तेच दुकान, तीच पाटी. तिला बघून तो ताडकन उभा राहिला.

“अगं! कधी आलीस?”

“परवा. यज्ञेश्वर, मी—”

आतल्या खोलीतून बांगड्यांचा आवाज आला. “अहो, कुणी आलंय का? चहा टाकू?”

बाहेर तांबट ठोकत होता.

“टाक,” तो आत बघून म्हणाला. मग आवाज उतरला. “ती फ्लॉपी... चालली का गं?”

‘हो’ अगदी जिभेवर होतं. तिनं ते गिळलं.

“नाही रे. खराब निघाली.”

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. “वाटलंच मला. फ्लॉपीचा काय भरवसा...”

“काय होतं त्यात?”

“काही नाही गं. फाटक तेवढं उघडलं होतं.”

चहा आला. छान झालाय, असं नीरजानं त्याच्या बायकोला दोनदा सांगितलं आणि सगळा चहा प्यायली. त्याचा कप नेहमीसारखा अर्धा राहिला.